रेटिनॉल : त्वचेवरील वापर आणि होणारा दाह

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे एक रूप; मुरूम आणि डागांसाठी ते चेहऱ्याला लावतात. त्वचेत मुरल्यावर त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनोइक आम्ल होते. खरे काम हे आम्लच करते. तेच आम्ल ट्रेटिनॉइन या नावाने औषध म्हणून मिळते. मधल्या दोन पायऱ्या नसल्याने ते रेटिनॉलपेक्षा बरेच तीव्र असते. मुरुमांवर त्याचा उपयोग अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६० च्या दशकात रुजवला.

बाजारातल्या क्रीम-सीरममध्ये रेटिनॉल साधारण ०.१ ते १ टक्का असते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. नवख्याने ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. उजेड आणि हवेने रेटिनॉल निकामी होते, म्हणून पारदर्शक ड्रॉपर बाटलीपेक्षा अपारदर्शक ट्यूब बरी.

लावायचे ते रात्रीच. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा, कारण ओलसर त्वचेत रेटिनॉल जास्त शिरते आणि चुणचुणते. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे क्रीम पुरते. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांजवळ आधी पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावे. पापुद्रे पहिल्यांदा तिथेच सुटतात. नाजूक त्वचेवर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर असा थर द्यावा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड, सोसले तरच रोज. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचे सनस्क्रीन हवेच. फरक दिसायला तीन महिने लागतात.

त्वचा सोलली म्हणजे औषध लागू पडले, हा समज सर्वात घातक. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर दाह ओसरला तरी काळपट डाग मागे राहतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला आणलेल्या क्रीमनेच नवे डाग पडतात, ते असे.

थोडा कोरडेपणा पहिल्या काही आठवड्यांत चालतो. पण चेहऱ्याला साधे पाणी लागले तरी चरचरत असेल, तर त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावला आहे. रेटिनॉल लगेच थांबवावे. एक-दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, ग्लिसरीन किंवा सेरामाइडचे (त्वचेतच असणारा एक स्निग्ध घटक) मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पापुद्रे ओढू नयेत. लिंबू, ब्लीच, स्क्रब, बेसनाचे उटणे, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल सगळे बंद. आग पूर्ण शमल्यावर तीन दिवसांतून एकदा लावून पुन्हा सुरुवात करावी. सूज आली, फोड उठले किंवा पाणी सुटू लागले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

लाली उतरवायला दुकानातून मनाने स्टेरॉइडचे क्रीम आणू नये. दोन दिवस चेहरा शांत दिसतो. पण वापर लांबला की त्वचा पातळ होते आणि क्रीम सोडताच लाली-पुटकुळ्या उसळतात. भारतात अशी बरीच क्रीम २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे.

वॅक्सिंग किंवा थ्रेडिंगच्या निदान पाच-सात दिवस आधी रेटिनॉल बंद ठेवावे, विशेषतः वॅक्सिंगआधी, नाहीतर केसाबरोबर त्वचाही निघते. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना ते वापरू नये.