वायूच्या विषबाधेनंतर मेंदूचा एमआरआय : पेशंटच्या घरच्यांसाठी माहिती

"माणूस शुद्धीवर आला, जेवला, सगळ्यांना ओळखतोय. मग आता मेंदूचा एमआरआय कशाला?" कार्बन मोनॉक्साईडची बाधा झालेल्या पेशंटला आमच्या केंद्रात घेऊन येणारे घरचे लोक बहुतेक वेळा हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

या वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीतली कोळशाची शेगडी, बिघडलेला गॅस हिटर, आत चालवलेला जनरेटर यांतून तो साठतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो. साध्या हवेत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास जातात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून आधी ऑक्सिजन, मग स्कॅन. आमच्याकडची वेळ गाठण्यासाठी उपचार मध्येच थांबवू नका, आम्ही वेळ बदलून देऊ.

रक्त साफ झाले तरी मेंदूला झालेली इजा तेवढ्यावर थांबतेच असे नाही. काही पेशंट पूर्ण बरे होऊन घरी जातात, आणि काही दिवसांनी, बहुधा सहा आठवड्यांच्या आत, त्यांच्यात बदल दिसू लागतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, गप्प गप्प राहणे, पाय घासत चालणे, कपड्यांत लघवी होणे, स्वभावच पालटणे. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण उशिरा खराब होत जाते, हे त्यामागचे एक मोठे कारण. घरच्यांना वाटते, धक्का बसलाय, होईल ठीक. इथेच मोलाचे दिवस निघून जातात.

हा धोका कोणाला जास्त, हे रक्तातल्या वायूच्या पातळीवरून नीट सांगता येत नाही. सीटी स्कॅन पटकन होतो, पण पहिल्या दिवशी तो पुष्कळदा नॉर्मल येतो. एमआरआयमधली डिफ्यूजन ही तपासणी इथे कामाला येते. मेंदूतल्या पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते ती मोजते. इजा होऊन सुजलेल्या पेशींत ही हालचाल अडते आणि तेवढा भाग चित्रात पांढरा उजळतो. आमचे रेडिओलॉजिस्ट विशेषतः दोन्ही बाजूंचा ग्लोबस पॅलिडस (मेंदूच्या आत खोलवरचा एक छोटा भाग) आणि आतला व्हाइट मॅटर (मायलिनचे आवरण असलेल्या मज्जातंतूंचा भाग) बारकाईने पाहतात.

दक्षिण कोरियातल्या 387 पेशंटांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला पुढे असा उशिराचा त्रास झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये ताजी इजा दिसलेल्यांत हे प्रमाण सुमारे पाऊण होते. ज्यांचा एमआरआय स्वच्छ होता, त्यांच्यातही दहा-बारा जणांमागे एकाला त्रास झालाच. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुढचे सहा आठवडे लक्ष ठेवायचेच, हे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो. रिपोर्टमध्ये इजा दिसली म्हणून त्रास होणारच, असेही नाही. मात्र अशा पेशंटला न्यूरॉलॉजिस्टकडे लवकर आणि पुन्हा पुन्हा दाखवावे लागते.

तपासणीत क्ष-किरण नसतात आणि शिरेतून औषध बहुधा द्यावे लागत नाही. मशीनचा आवाज मोठा असतो, पेशंटला स्थिर पडून राहावे लागते. पेसमेकर, शरीरातली क्लिप किंवा डोळ्यात कधी धातूचा कण गेलेला असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. पेशंटला नीट आठवत नसेल, म्हणून ही माहिती असलेले घरचे कोणीतरी सोबत हवे.

नंतर काही बदल जाणवला तर डॉक्टर दुसरा एमआरआय सांगू शकतात. तेव्हा पहिल्याची सीडी नक्की आणा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तरच नवे काय ते कळते. बदल कोणत्या तारखेला दिसला आणि नेमके काय झाले, तेही कागदावर लिहून आणा. असा त्रास झालेले बरेच पेशंट काही महिन्यांत सुधारतात, आणि ती सुधारणा मोजायलाही याच तारखा लागतात.