पार्श्वभूमी : ‘रिपोर्ट नॉर्मल’ आलेल्या दुखण्याचा इतिहास

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या हृदयरोग ओपीडीत एक ठरावीक फाईल दिसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, कोपरे मऊ पडलेली. आत चार-पाच ईसीजी, टूडी एको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, कधी एंडोस्कोपीसुद्धा. सगळ्यांवर शेरा एकच, नॉर्मल. फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाच्या छातीत मात्र आत्ताही धडधडतंय. घरच्यांचं मत केव्हाच झालेलं असतं : याला काही धाड भरलेली नाही, ही सगळी थेरं आहेत. डॉक्टर पुढचा केसपेपर ओढता ओढता म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका.’

अशा दुखण्याचं करायचं काय, हा पेच वैद्यकाइतकाच जुना आहे. उदासी आणि पोटाच्या तक्रारींचं मूळ बरगड्यांखाली, यकृत-प्लीहेच्या आसपास असतं, असं ग्रीक वैद्य मानत. बायकांना झटके आले की खापर गर्भाशयावर फुटे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या टॉमस सिडनहॅम या वैद्याने असाच त्रास, म्हणजे हिस्टेरिया, पुरुषांनाही होतो हे ठामपणे मांडलं, तरी ‘हिस्टेरिया म्हणजे बायकी आजार’ हा शिक्का पुढे दोनशे वर्षं टिकला. आपल्याकडे चरकसंहितेने शरीर आणि मन ही दोन्ही व्याधींची आश्रयस्थानं मानली खरी, पण घराघरांत चाललं ते दृष्ट काढणं, बाहेरची बाधा आणि अंगारा.

पॅरिसमध्ये पॉल ब्रिके यांनी ४३० रुग्णांच्या नोंदींवरून १८५९ मध्ये हिस्टेरियावर ग्रंथ लिहिला आणि आजार गर्भाशयातून बाहेर काढला. त्याच शहरात साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जासंस्थेचे तज्ज्ञ शार्को यांच्याकडे शिकायला १८८५ मध्ये फ्रॉईड गेले. १८९५ मध्ये त्यांनी व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर यांच्यासोबत मांडलं की दडपलेलं मानसिक दुःख शारीरिक लक्षणाचं रूप घेतं. लक्षणामागे माणसाची कहाणी असू शकते हे डॉक्टरांना ऐकावं लागलं, हे बरंच झालं. पण त्यातूनच एक सोयीची सवयही लागली. तपासणीत काही सापडलं नाही की ‘मनाचं आहे’ म्हणून हात झटकायचे. ती सवय अजून गेलेली नाही.

मुंबईकर रुग्णाने मात्र कायम शरीराच्याच दारातून येणं पसंत केलं, आणि त्याला कारण होतं. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय झालं आणि मराठी बोलण्यात त्या गावाच्या नावाला वेगळाच अर्थ चिकटला. ‘याला ठाण्याला न्या’ हे वाक्य आजही चेष्टेत सर्रास ऐकू येतं. छातीत धडधडतं म्हणून कोण तिकडे जाणार? म्हणून १९३८ ची घटना मला जास्त मोलाची वाटते. त्या वर्षी डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयात अशी सोय देशात त्याआधी १९३३ मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी केली होती. आता डोकेदुखीवाला, हातापायाला मुंग्या येणारा माणूस इतर रुग्णांच्याच रांगेतून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचू शकत होता. पुढे परळच्या केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर बेतलेली उपचारपद्धती मनोकायिक, म्हणजे मनाच्या ताणातून शरीरात उमटणाऱ्या, तक्रारींसाठी वापरून पाहिली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुरुषांची एक भीती मात्र या रांगेतही बोलली जात नसे. ‘धातू (वीर्य) जाते, त्यामुळे अंगातली ताकद गेली’ ही तक्रार डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ या नावाने वैद्यकात नोंदवली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते आणि घाबरलेल्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत होते : हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हानी होते ती भीतीने. या कामापायी त्यांना खटले सोसावे लागले. त्याच शहरात रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, कमजोरी’च्या जाहिराती रंगत राहिल्या, भीती विकणाऱ्यांवर कुणी फारसे खटले भरल्याचं दिसत नाही. बायकांची अशीच तक्रार म्हणजे अंगावरून पांढरं जाणं आणि त्याबरोबरची कंबरदुखी, थकवा. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या अभ्यासात या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट दिसलं. गोळ्या मात्र जंतूंच्याच दिल्या जात होत्या.

निदानाच्या पुस्तकांत १९८० मध्ये मोठी झाडाझडती झाली. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या (डीएसएम) तिसऱ्या आवृत्तीने हिस्टेरियाला रजा दिली आणि ‘सोमॅटोफॉर्म’, म्हणजे शारीरिक लक्षणांचं रूप घेणाऱ्या, विकारांचा गट केला. त्यात अट अशी की शारीरिक कारण सापडता कामा नये. म्हणजे काय सापडलं नाही यावर निदान! २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ती अट काढून टाकली. आता पाहायचं ते हे की लक्षणाबद्दलचे विचार, धास्ती आणि धावपळ यांनी माणसाचं आयुष्य किती व्यापलंय, आणि तेही साधारण सहा महिने. त्रास ठळक असेल तर ‘शारीरिक लक्षण विकार’, लक्षणं जेमतेम पण आजाराची धास्ती मोठी असेल तर ‘आजार-चिंता विकार’. खरोखर हृदयविकार असलेल्यालाही पहिलं निदान लागू होऊ शकतं. चौथ्या आवृत्तीचं काम पाहिलेले ॲलन फ्रान्सिस यांनी यावर जाहीर टीका केली : खऱ्या आजाऱ्यांवरही मनोविकाराचा शिक्का बसेल. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. तरीही मला नवी रीत बरी वाटते; किमान ‘तुमचं दुखणं खोटं’ असं त्यात गृहीत धरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणाने आजाराची धास्ती थेट मंत्रचळाच्या (ओसीडी) गटात नेऊन ठेवली.

त्यामागे एक निरीक्षण आहे. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्ये दाखवलं की धीर देण्यानेच ही धास्ती जिवंत राहते. दादरचा पूल चढून आलं की कुणाचीही नाडी जलद चालते. धास्तावलेला माणूस फलाटावर उभा राहून ती मोजतो, ती जास्त भरते, घाबरून आणखी वाढते. घरी फोन लावतो. ‘काही नाही रे झालेलं’ ऐकून जरा हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूल, पुन्हा बोटं मनगटावर. प्रत्येक नवी ईसीजी त्या फोनचंच काम करते. आता तर फोनवरच लक्षण टाकलं की डोकेदुखीचा मेंदूतला ट्यूमर व्हायला दोन मिनिटं लागतात, आणि फुल बॉडी चेकअपच्या सवलती रोज येतातच.

याला ‘नाटक’ म्हणणाऱ्यांनी स्वीडनमधला २०२३ चा अभ्यास पाहावा. आजाराच्या धास्तीचं निदान झालेल्या चार हजारांवर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, आत्महत्येचं सुमारे चौपट. उपचार आहेत : विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी, गरज पडल्यास औषधं. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४४ रुग्णांच्या चाचणीत ही थेरपी हृदयरोग, पोटविकार अशा नेहमीच्याच क्लिनिकमधल्या रुग्णांना दिली गेली आणि धास्ती उतरली. थेरपी देणाऱ्यांत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही होत्या. मुंबईच्या रुग्णालयांत हृदयरोग आणि मानसोपचार हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात. तरीही एका ओपीडीतून दुसरीकडे जायला नवा केसपेपर आणि नवी रांग लागते, आणि ‘मानसोपचार’ लिहिलेली चिठ्ठी हातात पडली की बरेच जण सरळ स्टेशन गाठतात.