पाचवीतलं अपयश दुसरीत सुरू होतं

पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आधी महाराष्ट्राने २०२३मध्ये आणि मग डिसेंबर २०२४मध्ये केंद्राने परत आणली, तेव्हा 'चला, ढकलपास संपलं' म्हणून पुष्कळांनी सुस्कारा टाकला. पण पाचवीत नापास होणारं मूल बहुधा दुसरीतच मागे पडलेलं असतं. खेड्यापाड्यांतल्या मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहण्यांत वर्षानुवर्षं तेच दिसतंय: ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही.

ती 'ढ' असतात का? मुळीच नाही. आपल्या वर्किंग मेमरीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात. नवशिक्या मुलासमोर 'शेतकऱ्याने' हा शब्द आला की 'श'ची मात्रा, 'त', 'क', मग तो अवघड 'ऱ्या', असा एकेक तुकडा जागा अडवतो. 'ने'पर्यंत पोचताना 'शे' निसटलेला असतो. अर्थ लावायला जागाच उरत नाही! भरपूर सराव झाला की मेंदूच्या डाव्या बाजूला मागे, खालच्या अंगाला असलेला दृश्य-भाग अख्खा शब्द एका दमात ओळखू लागतो आणि मेमरी मोकळी होते. हे समजावून सांगून येत नाही, रोज वाचूनच येतं.

पुढे तूट चक्रवाढ व्याजाने वाढते. चौथीतलं शाब्दिक उदाहरण सुटत नाही, कारण ते वाचूनच झालेलं नसतं. शिकल्या घरात आई रोज अर्धा तास घेऊन बसते, नाहीतर शिकवणी लागते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं बीडचं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, तोवर वर्ग जोडाक्षरांच्या पुढे गेलेला असतो. दहावीच्या निकालात दिसणारी दरी तिथे पडलेली असते.

मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने तिसरी-चौथीतल्या अशा मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणी नेमल्या, त्या 'बालसखी'. पंधरा-वीस मुलं वर्गाबाहेर काढून रोज दोन तास फक्त पायाभूत वाचन आणि आकडेमोड. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई-वडोदऱ्यात याची चाचणी घेतली. गुण वाढले, सर्वांत जास्त तळातल्या मुलांचे. वर्गात उरलेल्यांना पटसंख्या कमी झाल्याचा लाभ व्हायला हवा होता, पण त्यांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही.