कुद्रेमुख, कुमार पर्वत, ताडियांडमोल: बुकिंग असूनही माणसं नाक्यावरून परत का येतात

कर्नाटकात कुद्रेमुखच्या पायथ्याशी मुल्लोडीला वन विभागाच्या नाक्यावर सकाळी साडेसहाला कोल्हापूरकडच्या सात जणांना परत जाताना मी पाहिलंय. रात्रभर गाडी हाकत आलेले, जीपचे पैसे भरून झालेले, पायात नवे कोरे बूट. मोबाईलवर बुकिंगचा स्क्रीनशॉट होता, तारीख बरोबर होती, माणसंही बरोबर सात होती. फक्त त्यावरची सातही नावं भलत्याच लोकांची होती. कुठल्याशा एजंटाने दुसऱ्याच ग्रुपचं बुकिंग व्हॉट्सॲपवर पुढे ढकललं होतं आणि यांनी ते उघडूनही वाचलं नव्हतं. गार्डने एकेक नाव मोठ्याने पुकारलं. एकाचाही हात वर झाला नाही. त्याने रजिस्टर मिटलं.

गेली काही वर्षं ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण चिकमगळूर आणि कोडगूच्या ट्रेकविषयी मला विचारत असतात. प्रश्न बहुतेक वेळा ‘परवाना कसा काढायचा’ हा असतो. परवाना काढणं सोपं आहे. अडचण त्यानंतर सुरू होते, म्हणून हे लिहितोय.

अर्जाचं आधी उरकून टाकू. कर्नाटक वन विभागाच्या ‘अरण्य विहार’ पोर्टलवर मोबाईल नंबर टाकून खातं उघडायचं, ट्रेक आणि तारीख निवडायची, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा तपशील भरायचा, पैसे भरायचे, पावती उतरवून घ्यायची. पंधरा मिनिटांचं काम. शुल्क बदलत असतं, त्यामुळे मित्राने गेल्या वर्षी किती भरले होते ते विचारू नका. पोर्टलवर त्या दिवशी दिसेल तेच खरं.

आता मुळात हा परवाना कशाला, असं आपल्याकडच्या माणसाला वाटतंच. सह्याद्री तोच, फक्त दक्षिणेकडचा. राजगडावर जायला आपण कुणाला विचारतो? पण कुद्रेमुख हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि कुमार पर्वत पुष्पगिरी अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा जंगलात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हाच गुन्हा. कायदा जुना आहे, कडकपणा मात्र नवा. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावरच्या तुफान गर्दीचे फोटो देशभर फिरले. त्यानंतर राज्य सरकारने ऑनलाइन बुकिंगची सोय नसलेले ट्रेक थांबवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे पोर्टल आलं. कुद्रेमुखला दिवसाला ३०० जणांची मर्यादा आहे. शनिवार-रविवारच्या जागा पटापट जातात. मंगळवार-बुधवारी जाता येत असेल तर सरळ रजा टाका.

नावाची गोष्ट मात्र नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

बुकिंगवर तेच नाव हवं जे ओळखपत्रावर आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण ग्रुपमधला एक उत्साही मुलगा सगळ्यांची नावं भरतो आणि त्याला माहीत असतात ती हाकेची नावं. ‘बंड्या’ नाही लिहीत कुणी, पण ‘सोनू पाटील’ लिहितात आणि आधारवर असतं ‘पाटील स्वप्नील’, मधे वडिलांचं नाव. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरून सहसा कुणी अडवत नाही. नावच वेगळं असेल तर अडवणारच. लग्न झालेल्या बायकांचं तर विचारूच नका. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आणि बुकिंग करणाऱ्या नवऱ्याने तिसरंच काहीतरी लिहिलेलं. एका ताईंना मी नाक्यावर लग्नपत्रिकेचा फोटो दाखवताना बघितलंय. गार्ड भला माणूस होता, सोडलं त्याने. पण त्याच्या भलेपणावर सहाशे किलोमीटरचा प्रवास टांगून ठेवू नका. ज्या ओळखपत्राचा नंबर भरला, तेच खिशात घेऊन निघा.

खिशात म्हणजे खिशातच, मोबाईलमध्ये नव्हे. डिजिलॉकरमधला कागद कायद्याने मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो, हे खरं. पण तो उघडायला नेटवर्क लागतं, आणि कुद्रेमुखला जाताना कळसा गावाच्या पुढे बाळेगलच्या वळणांवर मोबाईल बहुतेकदा फक्त घड्याळ म्हणून उपयोगी पडतो. बुकिंगची पावतीही छापून घ्या, दोन प्रती. सगळा कारभार ऑनलाइन करायचा आणि तपासणी जिथे रेंज नाही तिथे ठेवायची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते असो. दहा रुपयांच्या झेरॉक्सने सुटणारा प्रश्न आहे. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचं आधारही घ्या. ‘त्याला कशाला, तो नऊ वर्षांचाच आहे’ हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय. परदेशी नागरिकत्व घेतलेला पुतण्या सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट हवा, भारतातलं जुनं लायसन्स चालणार नाही.

ऐनवेळी एक जण गळतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, ही प्रत्येक ग्रुपची कथा. परवाना ज्याच्या नावाचा, तोच वर जाणार. गळणारा कोण ते आधीच ओळखून ठेवा. प्रत्येक ग्रुपमध्ये तो असतो आणि सगळ्यांना माहीतही असतो.

दुसरी गाठ म्हणजे वाट कुठून सुरू होते. कुमार पर्वताला दोन बाजूंनी जाता येतं. दक्षिण कन्नडमधल्या कुक्के सुब्रह्मण्यहून, किंवा कोडगूतल्या सोमवारपेठेकडून बीदहळ्ळीमार्गे. कुक्केची चढण अंगावर येते, वाटेत ‘भट्टर मने’ नावाचं घर लागतं. बीदहळ्ळीची बाजू कॉफीच्या मळ्यांतून जवळ येते आणि मल्लळ्ळी धबधबाही तिकडेच. शिखर एकच, १,७१२ मीटर, पण नाके दोन आणि बुकिंग करतानाचे पर्यायही वेगवेगळे. मुंबईहून मंगळुरूपर्यंत रेल्वेने येणारे साहजिकच कुक्केला उतरतात. बुकिंग बीदहळ्ळीचं केलेलं असतं, कारण तिथल्या जागा शिल्लक दिसल्या. दोन्हींमधलं अंतर घाटरस्त्याने गाडीचं आहे, चालायचं नाही. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायचं असेल तर बुकिंगही तसंच हवं.

वेळेचं तर आपण मराठी लोक हमखास चुकतो. रात्री निघायचं, अंधारात चढायचं, सूर्योदय माथ्यावर बघायचा आणि मग पोहे, अशी आपली रीत. इथे ती चालत नाही. नाका उजाडल्यावर उघडतो, सकाळ सरली की नव्याने कुणाला वर सोडत नाहीत, आणि अंधाराच्या आत खाली यावंच लागतं. मुक्काम, तंबू, शेकोटी काही नाही. कुद्रेमुखची जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या वर चाल आहे. साडेनऊला नाक्यावर पोचून ‘आम्ही भरभर चालतो’ म्हणणाऱ्यांना गार्ड रोज भेटतो. आदल्या संध्याकाळी कळसा किंवा संसे परिसरात मुक्काम करा. बाळेगलहून मुल्लोडीपर्यंत जीपच जाते, आपली कार तिथे रुतेल. जीपचं भाडं परवान्यात धरलेलं नसतं, तेही आधी ठरवून घ्या.

मग येतो ‘ट्रेक बंद’ हा प्रकार. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वन विभाग वाटा बंद करतो. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून जास्त जीव गेले. ते आठवलं की या बंदीवर मी तरी कुरकुर करत नाही. कुरकुर आहे ती पावसाळ्याबद्दल. जोरदार पावसाचा इशारा आला की जिल्हा प्रशासन आदल्या दिवशीही वाटा बंद करू शकतं. बातमी कन्नड पेपरात येते आणि आपण पुण्याहून निघालेलो असतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर जाणार असाल तर निघायच्या सकाळी होमस्टेवाल्याला फोन करून विचारा. आणि बंदी उठल्याची बातमी वाचून उठू नका, त्या तारखेचं बुकिंग पोर्टलवर दिसतंय का ते बघा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यांची गल्लत करून रजा टाकलेले लोक मला माहीत आहेत.

होमस्टेवरून आठवलं. ‘परमिटचं आम्ही बघतो’ असं मालक म्हणाला तर हो म्हणा, पण बुकिंगची प्रत आदल्या रात्रीच मागून घ्या आणि आपली नावं स्वतः वाचा. बहुतेक मालक प्रामाणिक असतात. एकदा त्यांच्याकडची कॉफी हातात आली की आपण मात्र विचारायचं विसरतो.

मुळ्ळय्यनगिरीचा गोंधळ वेगळाच. कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर, जवळपास १,९३० मीटर, आणि गाडी अगदी जवळपर्यंत जाते. शेजारी बाबाबुडनगिरी, जिथे बाबा बुडन यांनी येमेनमधल्या मोखाहून कॉफीच्या सात बिया आणून लावल्या अशी आख्यायिका आहे. सप्टेंबर २०२५ पासून या रांगेत जायला जिल्हा प्रशासनाकडे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत. हा झाला पर्यटकांच्या गाड्यांचा पास. वन विभागाच्या ट्रेकशी त्याचा संबंध नाही. एक हातात आहे म्हणून दुसऱ्या नाक्यावर वाद घालू नका.

धबधब्यांचंही तेच. मडिकेरीजवळचा अब्बी बघायला प्रवेश तिकीट पुरतं. कॉफी आणि मिरवेलींमधून पायऱ्या उतरल्या की समोर पाणी. केम्मणगुंडीकडच्या हेब्बेला ठरलेल्या जीपनेच जावं लागतं. इरुप्पूचं तिकीट काढून लोक तसेच पुढे कोडगूतल्या ब्रह्मगिरीची (आपल्या त्र्यंबकची नव्हे) वाट धरतात आणि अडवले जातात, कारण ते तिकीट धबधब्यापुरतंच असतं. ब्रह्मगिरीची परवानगी वेगळी. ताडियांडमोलला, १,७४८ मीटर, कक्कबेच्या नालकनाड राजवाड्यापासून वाट सुरू होते आणि खालचा बराच भाग मळ्यांच्या कडेने जातो. तिथे शॉर्टकट मारू नका. नोव्हेंबरपासून कॉफीची फळं खुडायला येतात आणि मळेवाला कुणाच्याही परवान्याला विचारत नाही.

नाक्यावर सॅक उघडून बघतात. प्लास्टिकची पाकिटं आणि बाटल्या काढून ठेवायला सांगतात किंवा मोजून लिहून घेतात आणि परतताना तेवढ्याच मागतात. दारू, सिगारेट सापडली तर तिथेच संपलं. चिक्की, चपातीचा रोल घरूनच कागदात किंवा डब्यात बांधून न्या. पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी घ्या, तिला कुणी हरकत घेत नाही. आणि उतरल्यावर रजिस्टरमध्ये परत आल्याची सही केल्याशिवाय जीपमध्ये बसू नका. सही राहिली की संध्याकाळी तुमच्या नावापुढची रिकामी जागा बघून गार्डला टॉर्च घेऊन वर निघावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही कळसा गावात मसाला डोसा खात असता.