ठाण्याचा किल्ला गेला कुठे?

पाहुणे आले की आम्ही ठाणेकर त्यांना सकाळी येऊरला फिरवतो, संध्याकाळी तलावपाळीवर नेतो आणि समोरच्याच कोपिनेश्वराला हात जोडायला लावतो. हिवाळ्यात आले तर खाडीतले फ्लेमिंगोही दाखवतो. मग कुणीतरी विचारतंच, "इथे किल्ला नाही का हो?"

आहे की! कोर्ट नाक्याजवळचं मध्यवर्ती कारागृह, तोच किल्ला. बाहेरून तट बघायचा, आत काही जाता येत नाही.

मराठ्यांच्या धास्तीने पोर्तुगिजांनी १७३०च्या सुमारास तो बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आतच, १७३७च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत ठाणं मराठ्यांकडे आलं. तलावपाळीचा मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचं मूळ देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं मानतात. पण आजचं कोपिनेश्वराचं देऊळ १७६०चं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. म्हणजे किल्ला हाती आला नसता, तर हे देऊळही असं उभं राहिलं नसतं, असं मला तरी वाटतं.

१७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला. पुढे १७८७मध्ये नव्या बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९चे, म्हणजे इ.स. १०१७चे! तटाखाली असं साडेसातशे वर्षांपूर्वीचं ठाणं निघालं.

पण खरा रंगतदार किस्सा त्र्यंबकजी डेंगळ्यांचा. दुसऱ्या बाजीरावांचे हे विश्वासू कारभारी, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इथे कैदेत होते. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे कुणी फितायला नको. सांगतात ते असं, की खिडकीखाली एक मोतद्दार रोज घोड्याला खरारा करताकरता गाणं म्हणायचा. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यात! गोऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, त्यांना वाटलं, म्हणतोय आपला काहीतरी. सप्टेंबर १८१६मध्ये डेंगळे पसार झाले.

पुढे याच किल्ल्याचा तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकच्या जॅक्सन वधातले क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. पाहुण्यांना भिंत दाखवताना मी डेंगळ्यांची गोष्ट रंगवून सांगतो. ही तारीख मात्र तिथून निघताना, हळू आवाजात.