एकाच हंगामाची कारकीर्द : पार्श्वभूमी

फॉर्म्युला वनच्या नोंदींमध्ये नावापुढे एकच वर्ष लिहिलेल्या चालकांची यादी काढली तर ती वाटते त्यापेक्षा बरीच लांब निघते. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली माणसं तिच्यात शेजारीशेजारी बसलेली दिसतात. वर्षभर सगळ्या शर्यती धावून एकही गुण न मिळालेला चालक तिथे आहे. एकच शर्यत धावून तिच्यात सहा फेऱ्या आघाडीवर राहिलेला आहे. १४ वेळा प्रयत्न करून एकदाही शर्यतीच्या ग्रिडवर, म्हणजे गाड्या सुटतात त्या रांगांत, न पोचलेला चालकही तिथेच आहे. तिघांनाही एकच लेबल लागतं, आणि ते ऐकणारा सहसा एकच अर्थ काढतो : जमलं नाही, म्हणून गेला. हा अर्थ फार थोड्यांच्या बाबतीत खरा आहे.

सुरुवातीच्या दशकांमुळे ही यादी फुगली आहे, तो भाग आधी बाजूला काढायला हवा. १९५० ते १९६० या काळात अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० मैलांची शर्यत जागतिक अजिंक्यपदात धरली जायची. तिथे धावणाऱ्या बहुतेक अमेरिकी चालकांचा युरोपातल्या शर्यतींशी संबंध नव्हता, तरी त्यांची नावं याच नोंदींत आली. जर्मनीत आणि दक्षिण आफ्रिकेत यजमान देशाचे चालक आपली किंवा भाड्याची गाडी घेऊन वर्षातून एकदा उतरायचे. १९५३ साली न्युरबुर्गरिंगला तब्बल ३४ गाड्या सुटल्या. ही माणसं घरच्या मोठ्या शर्यतीत भाग घ्यायला आली आणि परत गेली. त्यांची कारकीर्द 'संपली' असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण ती करायला ती आलीच नव्हती.

'एक हंगाम' मोजायचा कसा, हाही घोळ आहे. नोंदणी झाली की हंगाम धरायचा, की शर्यत सुरू केली की? १९७७ मध्ये हॉकेनहाइमला एका जर्मन चालकाला पात्रता मिळाली नव्हती. तरी सुरुवातीच्या गोंधळात तो पिट लेनमधून (टायर बदलायला, दुरुस्तीला गाड्या जिथे थांबतात त्या मार्गिकेतून) शर्यतीत घुसला, काही फेऱ्यांनी गिअरच्या बिघाडामुळे थांबला आणि नंतर बाद ठरवला गेला. अपात्र, अपूर्ण आणि बाद असे तिन्ही शेरे एकाच शर्यतीत, आणि त्याच्या खात्यावर तेवढीच एक शर्यत. उलट बाजूचं उदाहरण एका भारतीय चालकाचं. २०१० मध्ये तो दहा शर्यती धावला आणि २०११ मध्ये न्युरबुर्गरिंगला एक. त्या एका शर्यतीमुळे तो या यादीतून बाहेर पडतो. २०११चा पूर्ण हंगाम केलेला बेल्जियन चालक २०१२ मध्ये मोंझाला, दुसऱ्यावर बंदी आली म्हणून, एकदाच बदली धावला, तोही बाहेर. म्हणजे या यादीत असणं किंवा नसणं कित्येकदा एखाद्या रविवारावर अवलंबून असतं.

खऱ्या अर्थाने एका हंगामाचे चालक तयार करणारा पहिला काळ म्हणजे ऐंशीच्या दशकाची अखेर. १९८९ मध्ये तब्बल ३९ गाड्या नोंदवल्या गेल्या आणि ग्रिडवर जागा होत्या २६. त्यामुळे शुक्रवारी सकाळी आठ वाजता एका तासाचं पूर्वपात्रता सत्र ठेवलं जायचं. तेरा गाड्या, त्यातल्या चार मुख्य पात्रता फेरीत जाणार आणि उरलेल्या नऊ नऊच्या ठोक्याला सामान बांधायला लागणार. प्रेक्षक मैदानात यायच्या आत या मंडळींचा शर्यतीचा आठवडा संपलेला असायचा. त्या वर्षी एका जर्मन चालकाने सात वेळा हा तास गाठला आणि सातही वेळा तो मागे राहिला. १९९० मध्ये एका इटालियन चालकाच्या बाबतीत हेच १४ वेळा झालं, १९९१ मध्ये एका पोर्तुगीज चालकाच्या बाबतीत १३ वेळा. या तिघांच्या नावावर एकही शर्यत नाही.

हे आकडे नुसते वाचले तर चालकच कच्चे असणार असं वाटतं. पण त्या तासात काय व्हायचं ते पाहायला हवं. गाडी एक-दोन फेऱ्यांतच बंद पडायची, सुटे भाग नसायचे, दुसरी गाडी तर नाहीच नाही. १९९२ मधल्या एका ब्रिटिश चालकाची गोष्ट यात सगळ्यात क्लेशदायक आहे. ब्राझीलमध्ये त्याला दिलेलं सुपर लायसन्स (फॉर्म्युला वनमध्ये धावण्याचा परवाना) तिथेच काढून घेतलं गेलं आणि नंतर परत मिळालं. लायसन्स मिळालं तर गाडी पिट लेनमधून बाहेर पडताच बंद पडली. सिल्व्हरस्टोनला कोरड्या ट्रॅकवर त्याला पावसाळी टायर लावून सोडलं. हंगेरीत सत्र संपायला मिनिटभरही उरलं नसताना बाहेर काढलं, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या फेरीची शक्यताच नाही. मोसम संपायच्या आत संघालाच स्पर्धेतून काढून टाकण्यात आलं. नोंदींमध्ये मात्र त्या चालकाच्या नावापुढे 'पूर्वपात्रता नाही' एवढंच राहिलं. त्याच वर्षी एका इटालियन महिला चालकाने तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ग्रिड हुकली आणि चौथ्या शर्यतीआधी तिची सीट दुसऱ्याला दिली गेली. पुढे १९९६ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकणारा तो दुसरा चालकही त्या गाडीला पात्र करू शकला तो फक्त दोनदा.

१९९३ पासून चित्र बदललं. गाड्या कमी झाल्या, पूर्वपात्रता गेली, आणि एक हंगामाचे चालक आता बहुतेक करून शर्यतीत उतरणारे होते. अमेरिकेतल्या मालिकेचा १९९१चा विजेता त्या वर्षी एका बलाढ्य ब्रिटिश संघात आला. पहिल्या तीन शर्यती मिळून त्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या फेऱ्या आल्या. सरावातल्या फेऱ्यांवर त्याच वर्षी मर्यादा घातली होती, त्यामुळे अनोळखी ट्रॅक शिकायला वेळच नव्हता. मोंझाला तो तिसरा आला, आणि तीच त्याची शेवटची शर्यत ठरली. १९९७ मध्ये तर खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला ३००० मालिकेच्या १९९५च्या विजेत्याची आख्खी कारकीर्द मेलबर्नच्या एका शनिवारी आटोपली. अर्धवट तयार गाडी सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत फेरी मारण्याच्या अटीपासून कित्येक सेकंद मागे राहिली आणि दुसऱ्या शर्यतीच्या आधी संघच बंद झाला.

२००३ ते २००५ ही तीन वर्षंही या यादीत दाट वस्तीची आहेत, आणि कारण एकच : पैसा. एका ब्रिटिश चालकाने सीटचे पैसे उभे करायला स्वतःच्या भावी कमाईचे शेअर्स लोकांना विकले. वर्षाच्या मध्यात त्याला बरी गाडी मिळाली, इंडियानापोलिसला एक गुण मिळाला आणि वर्षअखेर सीट गेली. २००४च्या एका इटालियन चालकाची सीट हंगाम संपायच्या आतच गेली. चार वर्षांनी त्याने खालच्या पायरीवरची जीपी टू मालिका जिंकून दाखवली, तरी त्याला परत कोणी बोलावलं नाही. २००५चा ऑस्ट्रियन चालक अकरा शर्यती धावला. इंडियानापोलिसला टायरच्या वादातून १४ गाड्या मागे फिरल्या आणि सहाच उरल्या, त्यात तो सहावा आला, म्हणजे तीन गुण. महिनाभरात त्याच्या प्रायोजकाकडून पैसे येणं थांबलं. त्याच्या जागी आलेला डच चालक पैसे घेऊन आला होता.

या पार्श्वभूमीवर एका चालकाचं लायसन्स काढून घेण्याचा २००६चा निर्णय वाचायला हवा. एका हंगामाच्या चालकांची चर्चा आजही त्या निर्णयाभोवतीच फिरते, आणि ती फिरायलाच हवी.

त्या वर्षी एक नवा जपानी संघ उभा राहिला. त्याच्या प्रवेशाला मंजुरी मिळाली ती जानेवारीत, आणि पहिली शर्यत १२ मार्चला बहरीनमध्ये होती. गाडी म्हणजे दुसऱ्या एका बंद पडलेल्या संघाची २००२ची चासी (गाडीचा सांगाडा), नव्या नियमांत बसेल अशी बदलून घेतलेली. दुसऱ्या सीटवर ३१ वर्षांचा जपानी चालक घेतला गेला. आदल्या वर्षी तो जपानच्या सर्वोच्च मालिकेत दुसरा आला होता. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि अभियंते इंग्रजी बोलणारे होते. मोठे संघ त्या काळात हजारो किलोमीटर चाचण्या करायचे. याच्या वाट्याला मोजके दिवस आले.

पहिल्या तीन शर्यतींत तो खूप मागे होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. सहकारी चालकापेक्षा पात्रता फेरीत तो दीड-दोन सेकंद तर सहज मागे असायचा, कधी त्याहूनही जास्त. गाडी गरकन फिरायची. मेलबर्नला एका अनुभवी चालकाने त्याच्यामुळे आपली फेरी वाया गेल्याची तक्रार केली. तिथे तो १३वा आला, आणि शर्यत पूर्ण करण्याची त्याची तीच एक वेळ. २३ एप्रिलला इमोलाला पहिल्याच फेरीत त्याने एका डच चालकाच्या गाडीला धडक दिली. ती गाडी कोलांट्या खात वाळूत गेली. डच चालक सुखरूप बाहेर आला. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, चौकशी केली आणि शिक्षा म्हणून दिली ती ताकीद.

इथपर्यंत वादाचं काही नाही. वाद पुढचा आहे. नियामक संस्थेने संघाला सल्ला दिला की या चालकाला तूर्त बाजूला बसवा, आणखी चाचण्या करू द्या. संघाने ऐकलं आणि पुढच्या शर्यतीला दुसरा चालक उतरवला. त्यानंतर, म्हणजे चालक आधीच बाजूला झालेला असताना, मे महिन्यात त्याचं सुपर लायसन्सच काढून घेण्यात आलं. हंगाम चालू असताना, ट्रॅकवरच्या कामगिरीवरून लायसन्स काढण्याची उदाहरणं विरळच.

निर्णयाच्या बाजूने बोलणारे सुरक्षेचा मुद्दा मांडतात, आणि तो हलका नाही. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात आजूबाजूच्या गाड्यांचा अंदाज नसलेला चालक सगळ्यांनाच धोक्यात घालतो. पण तीन प्रश्नांची उत्तरं या बाजूकडून कधी नीट आली नाहीत. ज्या संस्थेने लायसन्स काढलं, तिनेच ते काही आठवड्यांपूर्वी दिलं होतं. मग देताना काय तपासलं? ज्या धडकेवर सगळी भिस्त, तिला स्टुअर्डांनी ताकिदीएवढंच वजन दिलं. मग दोन आठवड्यांत तीच धडक कारकीर्द संपवण्याइतकी मोठी कशी झाली? आणि चार वर्षं जुन्या चासीला, चाचण्यांशिवाय, जगातल्या सर्वांत वेगवान स्पर्धेत उतरायची परवानगी देणाऱ्यांना कोणी जबाबदार धरलं का? २००१ मध्ये एका फिनिश तरुणाला अवघ्या २३ कार-शर्यतींच्या अनुभवावर तात्पुरतं लायसन्स मिळालं होतं आणि पदार्पणातच तो सहावा आला. त्याच्यामागे भक्कम संघ होता आणि शर्यतीआधी भरपूर किलोमीटर होते. फरक हुनराचाही होताच, पण तो एकटा फरक नव्हता.

पुढे काय झालं ते पाहिलं की सीटचा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. बदली आलेला फ्रेंच चालक एका विजेत्या संघासाठी वर्षानुवर्षं चाचण्या करत आलेला होता. त्या गाडीची त्याला भीती नव्हती आणि अनुभवाची कमतरताही नव्हती. सात शर्यती, एकही गुण नाही, आणि त्याचीही कारकीर्द तेवढीच. जुलैअखेरीस हॉकेनहाइमला नवी गाडी आली तोवर त्या एका सीटने एका वर्षात दोन चालकांना या यादीत पाठवलं होतं. पहिल्या सीटवरच्या अनुभवी चालकालाही वर्षभरात गुण मिळाला नाही, पण त्याच्या कुवतीवर कोणी बोट ठेवलं नाही. लायसन्स गेलेला चालक जपानला परतला आणि तिथल्या मालिकांमध्ये पुढची कित्येक वर्षं धावत राहिला.

इमोलाला उलटलेल्या त्या डच चालकाची सीटही वर्षभराने, २००७च्या जुलैमध्ये गेली. त्याच्या जागी न्युरबुर्गरिंगला एका शर्यतीसाठी जर्मन चालक आला. १९८९ मध्ये सात वेळा पूर्वपात्रतेत अडकलेल्या चालकाचा हा पुतण्या. पात्रतेत तो शेवटचा. पाऊस येणार हे हेरून संघाने त्याला पावसाळी टायर लावून पिट लेनमधून सोडलं. पहिल्या फेरीत ट्रॅक ओला झाला, बाकी बहुतेक टायर बदलायला आत शिरले आणि हा एकटा पुढे निघून गेला. मग शर्यत थांबवणारा लाल झेंडा, आणि पुन्हा सुरुवात झाली तेव्हा तो सर्वांच्या पुढे. एकाच शर्यतीत शेवटून आणि पहिल्या जागेवरून सुरुवात करणारा दुसरा चालक नाही. सहा फेऱ्या आघाडी, तेराव्या फेरीत हायड्रॉलिक बिघाड, बस्स. पुढच्या शर्यतीला सीट पैसे आणणाऱ्या जपानी चालकाकडे गेली. २००६ मध्ये त्या वादग्रस्त सीटवर शेवटी येऊन बसलेला हाच.

२००९ पासून हंगामातल्या चाचण्या बंद झाल्या, त्यामुळे नव्या चालकाची शिकण्याची जागा थेट शर्यत हीच उरली. २०१० मध्ये तीन नवे संघ आले आणि पुन्हा मागच्या रांगेतल्या सीट निर्माण झाल्या. त्यातल्या एका ब्राझिलियन चालकाने पुढे इलेक्ट्रिक मालिकेचं अजिंक्यपद जिंकलं. २०१५ मध्ये पाच शर्यती धावलेल्या अमेरिकी चालकाने पुढच्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० जिंकली. २०१६ मध्ये इंडोनेशियाच्या पहिल्या चालकाची सीट १२ शर्यतींनंतर पैशांअभावी गेली. २०२१चा रशियन चालक युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, २०२२चा हंगाम सुरू होण्याआधीच, बाहेर झाला.

२०१६ पासून सुपर लायसन्सला, इतर मालिकांतल्या निकालांवर मिळणाऱ्या, तीन वर्षांत ४० गुणांची आणि १८ वर्षं वयाची अट लागली. जपानच्या सर्वोच्च मालिकेच्या विजेत्यालाही एका वर्षात एवढे गुण मिळत नाहीत. तिथे दुसरा आलेला २००६चा तो चालक आज केवळ त्या वर्षाच्या जोरावर दारापर्यंतही पोचला नसता. सीट आता २० च्या आसपास आहेत आणि अनुभवी चालक त्या दशकभर सोडत नाहीत. २०२२ मध्ये खालच्या पायरीवरची फॉर्म्युला टू मालिका जिंकलेल्या ब्राझिलियन चालकाकडे गुण होते, लायसन्सही होतं. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही हंगामांत त्याला एकही शर्यत मिळाली नाही.