दवाखान्यातील जोखीम आणि खोळंबा : नागपूर

दवाखाना किंवा छोटे रुग्णालय चालवताना येऊ शकणारे धोके आधी हेरणे, त्यांची तजवीज करणे आणि काम बंद पडलेच तर ते लवकर रुळावर आणणे, याला वैद्यकीय व्यवसायातील जोखीम-व्यवस्थापन म्हणतात. उपचारातील चूक, कोर्टकचेरी, आग, पूर, वीज, मनुष्यबळ, परवाने आणि खुद्द डॉक्टरचे आजारपण, हे सारे त्यात येते.

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या भागांत खासगी रुग्णालये एकमेकांना खेटून उभी आहेत. सरकारी बाजूला ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स. रुग्ण मात्र शहरापुरते नाहीत. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही ते येतात. डॉक्टर अचानक सुटीवर गेले तर धरमपेठेतला रुग्ण दुसऱ्या दिवशी येतो; बालाघाटहून आलेल्याचे गाडीभाडे जाते, मजुरी बुडते आणि तो पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे बाहेरगावच्या रुग्णांचे चालू मोबाइल क्रमांक वेगळे लिहून ठेवणे आणि आदल्या दिवशीच फोन करणे ही इथली पहिली खबरदारी ठरते.

शहरातले बरेचसे खोळंबे कॅलेंडरवर आधीच दिसतात, तरी दरवर्षी नव्याने धावपळ होते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की मोर्चे निघतात, सीताबर्डी आणि झिरो माइलकडची वाहतूक वळवली जाते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारी-महाल भागात गाडी घालण्याची सोय राहत नाही. त्यात निम्मा स्टाफ पोळ्यासाठी गावी गेलेला असतो. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया या दिवसांना न लावणे आणि रजेचे वेळापत्रक महिनाभर आधी पक्के करणे, एवढ्याने अर्धे काम भागते.

उन्हाळा हा या शहराचा नेहमीचा परीक्षक. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी वीज गेली की पहिला फटका लसींच्या फ्रिजला बसतो. लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. अनेक छोट्या दवाखान्यांत त्यासाठी घरगुती फ्रिजच वापरात असतो. त्याच्या दाराच्या कप्प्यात लस ठेवणे चूक, कारण दार उघडले की गरम हवा आधी तिथेच लागते. आणि बर्फकप्प्याला चिकटून ठेवणेही चूक, कारण हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस गोठली की निकामी होते. आत तापमापक, दिवसातून दोनदा तापमानाची नोंद आणि वीज गेल्यावर दार न उघडण्याची सक्त सूचना हवी. बर्फाचे अस्तर असलेला लसींचा खास फ्रिज वीज नसतानाही बराच वेळ थंडावा धरून ठेवतो. फ्रिज आणि वेटिंग हॉलमधला कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. त्या कूलरची टाकी पावसाळ्यापूर्वी कोरडी केली नाही तर डेंग्यूचे डास दवाखान्यातच पैदा होतात, हे वेगळेच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तळघरात जनरेटर, औषधसाठा किंवा जुन्या केसपेपरचे गठ्ठे ठेवणाऱ्यांना अशी एक पहाट पुरेशी आहे.

आगीबाबत विदर्भाची आठवण ताजी आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात दहा बालके दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरजवळच्या वाडीत एका खासगी कोविड रुग्णालयालाही आग लागली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन व्यवस्था तपासून दर जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. पण कागद फाइलला लागला म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला अग्निशामक नळकांडे वापरता येते असे नव्हे.

कायद्याची जोखीम १९९५ पासून ठळक झाली. त्या वर्षी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टरचे मत घेण्याचे बंधन घातले. समीरा कोहली खटल्यात (२००८) एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही हे स्पष्ट झाले. बालाघाटच्या हिंदीभाषक रुग्णाकडून इंग्रजी छापील फॉर्मवर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे, हे ओघानेच आले. भरती रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. घाईत लिहिलेला, वेळ न टाकलेला केसपेपर डॉक्टरच्या बाजूने कधीच बोलत नाही.

व्यावसायिक दायित्व विम्यातली, म्हणजे उपचारातील चुकीबद्दलच्या भरपाईसाठी डॉक्टर काढतात त्या विम्यातली, मेख बहुतेकांना उशिरा कळते. दावा ज्या वर्षी दाखल होतो त्या वर्षी पॉलिसी चालू असावी लागते आणि उपचाराची तारीख पॉलिसीतील पूर्वलक्षी तारखेनंतरची (ज्या तारखेपासूनचे उपचार विमा धरतो, तिच्यानंतरची) असावी लागते. नूतनीकरणात खंड पडला की मागच्या वर्षांचे संरक्षण हातचे जाऊ शकते.

डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेक वाद बिलावरून आणि ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ यावरून पेटतात. गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांपैकी एकाला ठरलेल्या वेळी प्रकृती सांगणे आणि तसे लिहून त्याची सही घेणे, हा दारावरच्या बाउन्सरपेक्षा स्वस्त उपाय आहे.

सर्वांत दुर्लक्षित जोखीम म्हणजे सारा डोलारा एकाच डॉक्टरवर उभा असणे. कुठल्या रुग्णाला काय सुरू आहे हे त्यांच्याच डोक्यात, औषधांची उधारी कंपाउंडरच्या वहीत, संगणकाचा पासवर्ड रिसेप्शनवरच्या मुलीकडे. डॉक्टर आजारी पडले की ओळखीच्या सहकाऱ्याला बसवले जाते. साध्या ओपीडीत ते खपून जाते. सोनोग्राफी केंद्रात मात्र तशी सोय नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली जागा, यंत्र आणि डॉक्टर अशी तिन्हींची नोंद असते. बदली डॉक्टरचे नाव तिथे आधी चढलेले नसेल, तर यंत्र सुस्थितीत असूनही बंद ठेवावे लागते, नाहीतर ते सील होण्याची पाळी येते.